चाकं काढलेली पिकअप

दादा,

तुझा फोन घरातच चार्जिंगला राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी पिकअपच्या काचेवर चिकटवतेय. तू गाडीचे लांब बोल्ट आणायला गेलास आणि इकडे अप्पांना एकाएकी धाप लागली. ओठ निळे पडायला लागलेत. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, वेळ लागेल. आपली गाडी दारात आहे, पण चारही चाकं काढून स्टँडवर चढवलेली. मी किल्ली हातात घेऊन नुसती उभी राहिले. शेवटी शेजारचे शिंपीकाका धावून आले. अप्पांना आत बसवलंय, काका व्हॅन वळवतायत तोवर हे लिहितेय. आम्ही मोठ्या दवाखान्यात चाललोय.

मागच्या खेपेला अप्पांना नेताना गाडी चिखलात रुतली, म्हणूनच तू ती उंच करून मोठे टायर बसवतोयस, हे त्यांना ठाऊक आहे. आत्ता व्हॅनमध्ये बसवताना म्हणाले, "त्याला सांग, माझ्यापायी घाईघाईने गाडी खाली घेऊ नको. एकटा खाली शिरू नको." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मागचा डावा स्टँड मातीत खचलाय. नुसत्या जॅकच्या भरवशावर काही करू नकोस. गाडी आहे तशीच राहू दे आणि बस पकडून ये. त्यांचा चष्मा आण, गडबडीत राहिला.

'दादा कुठंय' म्हणून ते सारखं विचारतायत. निघालाय, येतोच आहे, असं मी सांगतेय. आणि तुला अजून काही माहीतसुद्धा नाही.

धाकटी