वन्स मोअरचं पेटंट

आसगाव, मंगळवार, दिवेलागण

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे. पत्रक सापडलं!

आठवडाभर त्या नोटिशीनं अन्न गोड लागू दिलं नाही. आम्ही मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं, नाटक तिकीट लावून मोबाइलवर थेट दाखवतो. घरी बसलेल्यानं बटण दाबून पैसे भरले की स्टेजवर गाणं पुन्हा होतं. आता एक परगावची कंपनी नोटीस धाडून म्हणते, ही पद्धत आमच्या पेटंटमधली. लायसन्स घ्या, नाहीतर बंद करा. शुक्रवारी नाटक आहे. बंद करू? काहून?

नागपूरच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, "त्यांच्या पेटंटच्या अर्जाआधी हे उघडपणे चालत होतं असा छापील कागद आणा." मी येडा लॅपटॉप धुंडाळत राहिलो. कागद आत्याच्या पेटीत, लुगड्यांखाली अंथरलेला!

"तुह्या बाबानं केबलवर नाटक दाखवलं होतं ना, तवाचा हाये. मले गुलाबी रंग आवडला, म्हणून ठेवला," आत्या म्हणाली.

गुलाबी पत्रकावर साल आहे, कंपनीच्या अर्जाच्या कितीतरी आधीचं. खाली ओळ: 'घरबसल्या नाटक पाहा. केबलवाल्याकडे पैसे भरा, फोन करा, गाण्याला वन्स मोअर मिळवा.'

बटण नव्हतं, फोन होता. एवढं पुरेल? माहीत नाही. आत्ताच वकीलबाईंना फोन लावला, स्पीकर चालू करून ती ओळ वाचून दाखवली.

मग त्या हळूच म्हणाल्या, "परत वाचा."

चुलीपाशी बसलेली आत्या ओरडली, "वन्स मोअर!"