डावी पोटरी

१२ डिसेंबर २०१८, बुधवार

कारखान्याच्या दवाखान्यात — ह्या खोलीला दवाखाना म्हणायचं तर! — आज सतरा पेशंट. शेवटची सुंदरबाई. आष्टीकडची ऊसतोड मजूर, वय सत्तावीस. डावी पोटरी सुजलेली, तटतटलेली, हाताला गरम. नवरा कचरू म्हणाला, "मोळी उचलताना लचकली. एक इंजिक्शन ठोका सिस्टर, अन् लावा कामाला." बैल आहे का ती?

टेप लावला. उजवी पोटरी एकोणतीस सेंटिमीटर, डावी चौतीस. पाऊल वर वाकवलं तर किंचाळली. लचक अशी नसते. सासू केशरबाई तेलाची वाटी घेऊनच दारात बसलेली. तिला दम दिला — अजिबात चोळायचं नाही.

१३ डिसेंबर

जीप मागितली. शेतकी अधिकारी माणिकराव म्हणतात, "पाण्यावाचून ऊस वाळून चाललाय, टोळ्या निघून जातायत, अन् तुम्ही तोडवाली घेऊन बीडला निघालात!" भांडले. मिळाली.

सोनोग्राफीत पोटरीपासून मांडीपर्यंत शिरेत रक्ताची गाठ. लगेच भरती, पोटात इंजेक्शनं. तिथल्या डॉक्टरबाई सरळ बोलल्या, "गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो."

मग प्रश्न. नुकतं बाळंतपण? नाही. ऑपरेशन? नाही. पाय प्लास्टरमध्ये होता? घरात आधी कुणाला? नाही, नाही. पाणी किती पिते? टँकर तीन दिवसांनी येतो, त्यात किती पिणार. गोळ्या कसल्या चालू? सुंदरबाईनं आधी कचरूकडं बघितलं, मग मान हलवली. कसल्याच नाहीत.

१४ डिसेंबर

पाणी कमी म्हणून गाठ झाली, तर यंदा अर्धा जिल्हा आडवा पडायला हवा. पटत नाही.

१६ डिसेंबर, रविवार

सुट्टी होती, बीडला जाऊन आले. कचरू चहाला गेला तशी खाटेवर बसले. म्हटलं, "सुंदरबाई, पाळी लांबवायची असली तरी गोळी ती गोळीच."

पदराचं टोक चाळवत ती म्हणाली,

"ती काय औषदाची हाय व्हय?"

कधीपासून?

"दिवाळीपासून. एक दीस चुकवली न्हाई."

अगं, पण कावून?

"धुवाया पानी हाय का? फडात आडोसा हाय का? गड्यांच्या म्होरं काय करावं बाईनं? टोळीत समद्याच घेत्यात. गावाकडनंच मेडिकलातून आणल्यात."

राग आला. तिचा नाही, माझा. दीड महिना ह्या बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या वाटतेय, ब्लड प्रेशर मोजतेय, आणि एकीलाही पाळीचं विचारलं नाही. मी स्वतः बाई असून!

डॉक्टरबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "जुळलं. त्यात पाणी कमी. आता ही गोळी जन्मात नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी कमीत कमी सहा महिने, मध्ये बंद करायची नाही. पहिले तीन महिने तर जपायलाच हवं." सुंदरबाईकडून तीनदा वदवून घेतलं.

१९ डिसेंबर

टोळीवर गेले. त्यांच्या राहायच्या कोप्यांपुढं बायका बसवल्या आणि सुंदरबाईच्या पायाचं सगळं सांगितलं. ही गोळी घेतलेल्या प्रत्येकीला गाठ होत नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगितलं, घ्याल तर मराल. मुद्दाम वाढवून सांगितलं. हळू सांगून कोण ऐकतं!

चतुराबाई सगळ्यांत थोरली. तिनं विचारलं, "मग आमी करायचं काय, सिस्टर?"

येऊ द्यायची पाळी, दुसरं काय.

सगळ्या हसल्या. मीपण हसले.

२० डिसेंबर

माणिकरावांना अर्ज दिला. बायकांसाठी पत्र्याचे दोन आडोसे आणि पाण्याची एक जादा टाकी. "वाघमारे सिस्टर, तुम्ही नर्स आहात का पुढारी?" मग म्हणाले, बघू.

२३ डिसेंबर

चतुराबाई आली आणि सगळ्यांची उरलेली पाकिटं टेबलावर ओतली. मोजली नाहीत. ढीग होता. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. नोकरीच्या अकरा वर्षांत माझं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

२६ डिसेंबर

सुंदरबाईला सोडलं. डावी पोटरी एकतीसवर आली. केशरबाई तिला घेऊन गावी गेली. गोळ्या, तपासणीच्या तारखा, सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

९ जानेवारी २०१९

अर्जाचं विचारलं. संचालकांच्या मीटिंगमध्ये ठेवतो म्हणाले. मीटिंग कधी, ते माहीत नाही.

१७ जानेवारी

ऊस संपला. टोळ्या निघाल्या. अर्ज तिथंच.

चतुराबाई जाताना भेटली. म्हणाली, "तुमच्यामुळं डोळं उघडलं, सिस्टर." पाया पडायला वाकली, तिला धरून उठवलं.

३ फेब्रुवारी, रविवार

सुंदरबाईचा फोन. आवाज खोल गेलेला. "सिस्टर, गोळीची भानगडच मिटली. परवा गर्भाची पिशवी काढली."

आणि रक्त पातळ करायची गोळी?

"ती आपरेशनासाठी बंद केली की डाक्टरनं. अन् पिशवीचं म्हणाल तर तुमीच टोळीत समद्या बायांना सांगितलंत न्हवं, पाळीची गोळी घेतली की मरशाल?"

चतुराबाई शेजारच्याच खाटेवर आहे. टोळीतल्या बाकीच्यांना उद्याचा नंबर मिळालाय.