कोठीतला जुना तांदूळ आणि फ्रान्सची तांबडी

जव्हार, चैत्र वद्य सप्तमी, शके १८३०

तीर्थरूप तात्याकाकांच्या पायांशी चिंतामणाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर सोडून बाकीची सात समजावीत. कंबरेचे काय झाले ते पुढे येईल.) आपला दमा कसा आहे? तिकडे त्र्यंबकास आपणांस उन्हाळा सोसवतो ना? काकूंच्या गुडघ्याला आपल्या तेलाने उतार पडला, की त्या अजून दुसऱ्या वैद्याचे तेल चोरून लावतात? इकडे देवाच्या कृपेने सगळी मंडळी धडधाकट आहेत. सौ.ने नमस्कार सांगितला आहे, आणि पत्र धाडण्यापूर्वी ते तिला वाचून दाखवायचे अशी अट घातली आहे. तेव्हा यात मी जे लिहीन ते खरेच लिहीन असे धरून चालावे.

आपण जातिवंत वैद्य, आणि दारूचे नाव काढले तरी चूळ भरणारे. हे पत्र आरंभापासून अखेरपर्यंत दारूविषयी आहे. तरी ते खाली टाकू नये, कारण मुळात गोष्ट तांदळाची आहे. दरबारच्या धान्याची माझी कोठी आपण पाहिली आहे. वाड्याच्या मागच्या अंगाला, जाड भिंतींची, वैशाखातही पायाला गार लागणारी. दाभोशाकडच्या पाड्यांवरून वसुलीत येणारा झिनी जातीचा तांदूळ मी तिथे कणग्यांत भरून ठेवतो आणि तिसरे वर्ष सरेपर्यंत कोणाचा हात लागू देत नाही. (एकदा खुद्द मुदपाकखान्याच्या आचाऱ्याचा हात धरला होता.) हा तांदूळ पंक्तीसाठी नाही. गावात असो वा एखाद्या पाड्यावर, ज्या घरी तापाचा रोगी किंवा बाळंतीण असेल त्या घरी पेजेसाठी कोठीतून जुना तांदूळ जातो, असा इथला रिवाज आहे. नव्या तांदळाची पेज आजाऱ्याच्या पोटात धोंडा होऊन बसते, हे आपणच मला लहानपणी शिकवलेत. आमच्या नव्या दिवाणसाहेबांना मात्र ते कोणी शिकवलेले नाही. तांदूळ तीन वर्षे ठेवणे म्हणजे उंदरांना पेन्शन देणे, असे त्यांचे मत. पाडव्याला त्यांनी मला बोलावून सांगितले की कोठी व्यापाऱ्याला विकून रिकामी करावी आणि चिंतामणरावांनी मोखाड्याच्या ठाण्यावर कारकुनी करावी. मोखाड्याशी माझे काही वाकडे नाही, हवा चांगली आहे. पण कणग्या सोडून जायचे माझ्या मनाला पटेना.

अशात मुंबईहून मोजणी खात्याचे एक बडे साहेब मोखाड्याचा बोहाडा पाहायला येणार असा सांगावा आला. सोंगे, मुखवटे, संबळ या सगळ्याचा त्यांना फार नाद. पण जेवताना ते फ्रान्सची जुनी तांबडी वाइन सोडून दुसरे काही ओठाला लावत नाहीत, अशीही सूचना सोबत होती. दिवाणसाहेबांची धांदल उडाली. दरबारात विलायती पेये होती, पण ती सगळी सोनेरी रंगाची आणि घसा जाळणारी. जुनी तांबडी कशी ओळखायची हे कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा मी तोंड उघडले. (सौ. म्हणते, ते माझ्याच्याने कधी मिटलेले राहतच नाही.) मी म्हणालो, जुने काय आणि जुनाट काय हे मला वासावरून कळते, मी मुंबईस जातो, खरेदी साधली तर माझ्या कोठीला हात लावू नये. दिवाणसाहेब हसले आणि 'बघू' म्हणाले. वरिष्ठांचा 'बघू' म्हणजे निम्मा होकार, असे मी धरून चाललो.

डहाणूपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. मुंबईत पहिल्याच दुकानदाराने माझी पगडी पाहून एक बाटली अशा थाटात आणली की जणू पेशवाईतली. वर कोळिष्टके, धुळीचा थर. काका, माझा जन्म कोठीत गेला. जुनी धूळ बोटाला चिकटते, नवी भुरभुर उडते. मी फुंकर मारली तर सगळे पुरातनपण दुकानदाराच्या नाकात गेले आणि तो शिंकत आत पळाला. त्यानंतर फोर्टात खोरशेदबाई नावाच्या एका पारशी म्हातारीचे दुकान सापडले. नवऱ्यामागे धंदा त्याच सांभाळतात. या बाईंपुढे मी मनातल्या मनात किती वेळा हात जोडले ते सांगता येत नाही. मी दारू पीत नाही आणि दारू घ्यायला आलो आहे, हे ऐकून त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. नुसती मेणबत्ती पेटवली आणि मला तळघरात घेऊन गेल्या.

तिथे बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. उभ्या ठेवल्या तर बूच सुकते, आत हवा शिरते आणि वाइन आंबून शिरका होतो. मग त्यांनी बाटली ज्योतीपुढे धरून मला पाहायला शिकवले. मानेतली पातळी फार उतरली असेल तर बूच गळके समजावे. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नये, तांबड्या वाइनीचे वय झाले की तो बसायचाच. फक्त वाहताना हिसका देऊ नये आणि ओतताना निवळ तेवढी घेऊन गाळ मागे ठेवावा. प्याला तिरका धरला की कडेला रंग दिसतो. तरुणपणी तो जांभळट असतो, वयाबरोबर विटेसारखा होत जातो. बाई घोट घेत आणि सांगत, मी नुसता वास घेई. एका प्याल्यातून आधी ओल्या लाकडाचा वास आला, मग पिकल्या करवंदांचा, आणि सगळ्यांत मागून तो आपल्या ओळखीचा, तीन वर्षांची कणगी उघडून आत डोके घातल्यावर येतो तो. काका, माझ्या डोळ्यांत पाणी आले. सात समुद्रांपलीकडे कोणी एक शेतकरी आपल्या द्राक्षांचा रस अंधारात ठेवून देतो आणि वर्षानुवर्षे हात आवरून बसतो. त्याची जात मला माहीत नाही, धर्म वेगळा आहे, पण तो माणूस माझ्याच गोत्रातला आहे.

मी अर्थातच सगळ्यांत जुनी बाटली मागितली. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बहु जुनी नको घेऊ, डिकरा. बूच निघाला के जीव गेला तिचा." अगदी खरे! तीन वर्षांचा तांदूळ अमृत, पण बारा वर्षांचा शिजवला तर भुसा. नुसते वय पाहायचे नसते, अंगात अजून जोर किती आहे तेही पाहायचे असते. ही बुद्धी दारूच्या दुकानात आली, ती मी आपल्या पायांशी ठेवतो. पुरती मुरलेली पण अजून धट्टीकट्टी अशी एक पेटी बाईंनी स्वतः निवडून पेंढ्यात बांधून दिली. डहाणूपासून जव्हारापर्यंत बैलगाडीचे हिसके बाटल्यांना लागू नयेत म्हणून सगळा घाट ती पेटी मी मांडीवर घेऊन बसलो. बाटल्यांना काही झाले नाही. कंबरेचे आपण समजला असालच.

आता खरा घोटाळा. जेवण मोखाड्यास होते. तिकडची वाट पाहता गाडीची हिंमत झाली नाही, म्हणून बाटल्या कावडीत घालून कोठीवरचा आमचा गडी लाडक्या याच्या खांद्यावर दिल्या आणि भल्या पहाटे निघालो. लाडक्याची चाल पाहून मी थक्क झालो. चढ असो, ओढा असो, कावडीतली वस्तू निजलेली ती निजलेलीच. उन्हे वर येता येता वाटेत वाघदेव लागला. लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य, समोर शेंदूर. लाडक्याने कावड उतरवली आणि तो बसून राहिला. देवाला थेंब दिल्याशिवाय दारू त्याच्या पुढून जात नाही. लग्नाची असो, मयताची असो. मी म्हटले, ही साहेबाची आहे. तो म्हणाला, "साहेबाची आसंल. वाट तं देवाची हाय ना, दादा?" बरे, एका बाटलीने भागते म्हणावे तर तेही नाही. पाड्यावर लग्नात जितकी मडकी येतात तितक्या मडक्यांतून थेंब सांडतात. एकातून दिला आणि बाकीची झाकून नेली तर ती देवापासून चोरलेली ठरतात. आणि वाघाच्या मुलखात वाघाशी चोरी करून पुढे जायचे धाडस लाडक्याला नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. मी बाईंनी दिलेला बूच उपसायचा स्क्रू काढला आणि एकूण एक बाटली उघडली.

देव तृप्त झाला. पण बुचे परत बसेनात. खोरशेदबाईंचे 'बूच निघाला के जीव गेला' कानात घुमू लागले. मी नवे उपरणे फाडून, लोणच्याच्या बरणीला बांधतात तशी बाटल्यांच्या तोंडांना फडकी बांधली. (उपरण्याबद्दल सौ. अजून बोलते आहे. हे वाचून दाखवताना पुन्हा बोलेल.) आता बाटल्या उभ्याच न्यायच्या होत्या, म्हणून लाडक्या अशा पावलाने चालला की वाटेवरच्या मुंग्यासुद्धा आमच्या पुढे गेल्या असतील. मोखाडा येईपर्यंत मी मनाने कारकुनीच्या गादीवर बसलो होतो. माझी कोठी गेली, तांदूळ व्यापाऱ्याच्या पोत्यांत गेला, आणि याला कारण मी स्वतः, एवढेच डोक्यात फिरत होते.

तिन्हीसांजेला तंबूत टेबल लागले. फडकी बांधलेल्या बाटल्या पाहून दिवाणसाहेबांचा चेहरा वाइनीच्या रंगाचा झाला, पण साहेब शेजारीच बसलेले. मी निवळ ओतून गाळ मागे ठेवला. साहेबांनी प्याला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि प्याला पुन्हा नाकाशी नेला. बाहेर संबळ सुरू झाला, सोंगे निघायची वेळ झाली, तरी ते हलेनात. शेवटी त्यांनी विचारले, बाटल्या कधी उघडल्या? दिवाणसाहेबांनी ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवले. मी म्हटले, सकाळी. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, अंगात जोर असलेली तांबडी आधी उघडून तिला वारा लागू द्यावा लागतो, तेव्हा ती मोकळी होते. मुंबईच्या क्लबात हे कोणाला सुचत नाही, आणि इथे डोंगरात एका गृहस्थाने ते सकाळीच जाणून केले! ही विद्या कोणाची, असेही त्यांनी विचारले. मी म्हटले, देवाची कृपा. याहून खरे उत्तर मी उभ्या जन्मात दिलेले नाही. साहेबांनी मग लाडक्याच्या चालीचीही चौकशी केली आणि त्यालाही एक प्याला दिला. त्याने त्यातला थेंब आधी जमिनीवर सांडला तेव्हा साहेबांनीही मुकाट्याने सांडला. मला तो माणूस फार आवडला.

तर असा आपल्या पुतण्याचा विजय झाला. दिवाणसाहेब इतके खूश झाले की मोखाड्याची बदली रद्द झाली आणि पगारवाढीचेही बोलले आहेत. आपल्या आशीर्वादाचे हे फळ. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
चिंतामण

ता. क. एक गोष्ट राहिली. साहेब पुढल्या वर्षी मित्रांना घेऊन येणार, म्हणून दरबारने जुन्या तांबडीचा स्वतःचा साठा करावा असे दिवाणसाहेबांनी ठरवले आहे. तिला गार, अंधारी, न हलणारी जागा लागते, हे मीच त्यांना मोठ्या हौसेने सांगितले. तशी जागा जव्हारात एकच आहे. अक्षय्यतृतीयेला व्यापाऱ्याच्या गाड्या येऊन कोठी रिकामी करणार, आणि तिथे मी वाइनीचा कोठावळा. तेव्हा पत्राचे खरे कारण असे. आपण द्राक्षासवाची बरणी धान्याच्या राशीत पुरून मुरवता. त्याच धर्तीवर दिवाणसाहेबांना चार ओळी लिहाव्या, की तांबडी वाइन जुन्या तांदळात पुरून ठेवावी. तो तीन वर्षांहून कमी जुना नसावा. आणि त्यातला थोडा थोडा उपसून आजाऱ्यांच्या घरी जात राहिला तरच बाटलीला थंडावा राहतो. संस्कृतात लिहावे. दिवाणसाहेब संस्कृताला फार मानतात, वाचत नाहीत. श्लोक ग्रंथात नसेल तर आपण रचावा. पाप लागलेच तर निम्मे माझ्या नावावर घालावे.

ता. क. दुसरा. मी एक थेंबही चाखली नाही असे वर कुठे लिहिलेले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. वाघदेवापुढे लाडक्याने प्रसाद म्हणून तळहातावर घातली. प्रसादाला नाही म्हणू नये अशी आपलीच शिकवण. फार सुरेख होती, काका.

ता. क. तिसरा. सौ. म्हणते, थट्टा पुरे, मुद्द्याचे लिहा. कोठीत तांदूळ पाखडणारी हौशी काल दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या सुनेचे, राहीचे, दिवस भरले आहेत. पोरगी फार अशक्त आहे. पेजेच्या तांदळाला कधी येऊ, असे हौशीने विचारले. कोठीची किल्ली दिवाणसाहेबांनी काढून घेतली आहे हे मला तिला सांगवले नाही. राही मोकळी झाली की लगेच ये, असे मी सांगून बसलो आहे. श्लोकात मात्रा कमीजास्त झाली तरी चालेल, पण हे पत्र घेऊन आलेला माणूस परत येताना तो त्याच्याच हाती द्यावा.