फक्कीने आखलेले घर

"भाकरी थापताना रस्ता दिसंल, असं एखादं घर बांध बाई." मी नववीत असताना माझी आई भागूबाई चुलीसमोरच्या काळ्या भिंतीकडे बघत हे म्हणाली होती. या मृत्युपत्राचे मूळ त्या वाक्यात आहे, म्हणून ते आधी नोंदवते.

मी, मंजुषा मुंजाजी पाईकराव, वय ४६, अंगणवाडी सेविका, राहणार कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. नांदेडच्या डॉक्टरांनी या वेळी पुढची तारीख दिली नाही, गोळ्या तेवढ्या दिल्या. डोके जागेवर आहे. कोणी भरीला घातलेले नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. रस्त्यालगतचा माझा दीड गुंठ्याचा प्लॉट. त्यावर घर नाही. तरी घराचे वर्णन लिहिते, कारण दुसरीकडे कुठे ते उरणार नाही. स्वयंपाकघर पुढे, रस्त्याकडे तोंड करून; बैठक मागे. चुलीसमोर, बसल्या नजरेच्या उंचीवर लांब खिडकी. दार इतके उंच, की डोक्यावर गवताचा भारा असलेल्या बाईला वाकावे लागू नये. निजायची खोली गोल. सासरची दोन वर्षे मी कोपऱ्यात बसून काढली आहेत. न्हाणीच्या मधोमध लिंब आहे, तो तसाच राहील.

हे घर मी एका वहीत काढले आहे. रूपसिंग मिस्त्रींनी ती वही पाहून विचारले होते, "ताई, चूल पुढं अन् बैठक मागं? पाव्हण्यानं काय भांडे घासत घासत आत जायचं?" मी हसले. मानधनातून पायासुद्धा निघणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

मग दर जानेवारीत शाळेचे खेळ संपले की मैदान आखून उरलेली पांढरी फक्की मी मागून आणायची, हे घर जमिनीवर खऱ्या मापाने आखायची आणि एक दिवस त्यात राहायची. पहिल्या वर्षी आई आली. दारातून आत शिरली, चुलीच्या चौकोनापुढे बसली आणि रिकाम्या हातांनी भाकरी थापू लागली. "बराबर दिसतंय की," म्हणाली. "वसमतची गाडी गेली बघ." त्याच वर्षी ती गेली. यंदा मला वाकता आले नाही, म्हणून घर आखलेले नाही.

२. हा प्लॉट धाकटा भाऊ भीमराज याला. त्याने मला आठ वेळा नांदेडला नेले, एकदाही कुरकुर केली नाही. तिथे तो हळद शिजवणार. कढईची जागाही त्याने पाहून ठेवली आहे. ती नेमकी चुलीवर येते. मी अट घालत नाही.

३. एक जुनी तक्रार. आई गेल्यानंतरच्या जानेवारीत भीमराजने ट्रॅक्टर भिंतीतून आत घातला आणि खिडकीत उभा केला. मी ओरडले, तर म्हणाला, "आक्का, कुठाय भिंत? मला त मोकळी जागाच दिसून राहिली." त्याची मुलगी साक्षी तेव्हा सहा वर्षांची. दाराच्या रेघेपाशी चपला काढून उभी होती. "पप्पा, दारातून या ना." त्याने ऐकले नाही. मी तेव्हा पुढे भांडले नाही, म्हणून इथे लिहिले.

४. घराची वही, लांब टेप आणि फक्कीची चाळणी साक्षीला. तिने घर बांधावे असे माझे म्हणणे नाही. ती आता शिकायला हिंगोलीत खोली करून राहते. गेल्या गेल्या तिने फोनवर सांगितले, "आत्या, खोलीला खिडकीच न्हाई."

५. शिलाई मशीन माझ्या अंगणवाडीच्या मदतनीस मोतीबाईंना. त्या नको म्हणतील, तरी पोचवावे.

६. शेवटचे, भीमराज, तुझ्यासाठी. कढई मांडायच्या आदल्या दिवशी साक्षीकडून एकदा घर आखून घे. चपला बाहेर काढ. आईच्या जागी बसून घडीभर रस्ता बघ. "काय पोरखेळ लावलाय आक्कानं," म्हणत तू रेघा तुडवत सरळ लिंबाकडे जाशील, हे मला आत्ताच दिसते आहे. तरी मागते. एकदा दारातून ये.

कुरुंदा, दि. १८ जानेवारी २०२६

सही: मंजुषा मुंजाजी पाईकराव

आमच्या समोर सही केली:
रूपसिंग राठोड, मिस्त्री
माणिकराव इंगोले, निवृत्त शिक्षक