उतारावर पुढे कोण

३ मार्च, मंगळवार

काचबिंदू! मला! चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले आणि हे घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात तोंड घालून बसवलं. आत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी आपली ऐटीत. मधेमधे ठिपके येईचनात, वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र ठणठणीत होतं. डावीकडचं बरंच गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब. जन्मभर.

"सायकल?" मी विचारलं.

"एकट्यानं, सपाट रस्त्यावर. घोळक्यात नको. उतारावर तर नाहीच." मग म्हणाल्या, "हे घराण्यात असतं. सख्खी भावंडं असतील तर लगेच पाठवा. लवकर सापडलं तर नजर वाचते."

एकच आहे. धाकटा. लोकांना गाडी चालवायला शिकवतो, दिवसभर शिकाऊंच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो.

४ मार्च

सांगितलं नाही.

८ मार्च, रविवार

लांबच्या राइडचा सराव. नेहमीची चौघं — मी, धाकटा, बेकरीवाला, नर्सबाई. थंडी सरली की आम्ही घाट ओलांडून तलावापर्यंत जातो, दरवर्षी. चाकामागे चाक, एका ओळीत. पुढचा हातानं खड्डा दाखवतो, मागचे डोळे झाकून त्याचं ऐकतात. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय दिसतंच काय! घाटाच्या उतारावर पुढे नेहमी मीच. म्हणून तर मला कप्तान म्हणतात.

आज डावीकडचा खड्डा मला दिसलाच नाही. मी कडेनं निसटले, बेकरीवाला आत गेला. कोपर सोललं, पँट फाटली. "कप्तान, झोपलीस की काय?" सगळे हसले. म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं.

ऊन पाठीवर होतं.

धाकट्याला सांगायला हवं, कळतंय. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार, आणि मग मी घरी बसून त्यांचे फोटो बघणार. मला नाही जमायचं! एवढी एक राइड होऊ दे. मग सांगते.

१४ मार्च

एक गिऱ्हाईक दुकानात फ्रेम परत घेऊन आलं. आईवडिलांचा फोटो. "बाई, इथे फट राहिलीय." डावा कोपरा. मी स्वतः कापलेली पट्टी. इतकी वर्षं फ्रेमा करतेय, कुणी बोट दाखवलं नव्हतं. नवी करून दिली. नंतर आतल्या खोलीत जाऊन रडले.

१९ मार्च

धाकट्याला फोन केला. सांगायचंच ठरवून केला.

"बोल ना ताई."

आणि मी विचारलं काय, तर टायर कुठला घेऊ! तोच म्हणाला, "या वर्षी घाट नको, सपाटीवरूनच जाऊ या का?" मी चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, म्हातारा झालास! "बरं, घाट तर घाट," म्हणाला बिचारा.

त्याच्या डोळ्यांत रोज काय होत असेल कुणास ठाऊक, आणि मी टायरच्या गप्पा मारतेय. मोठी बहीण म्हणे!

२८ मार्च

ठरलं. उद्या जायचं, पण उतारावर पुढे मी नाही. गुडघ्याचं निमित्त सांगेन. माझ्यामुळे पुन्हा कुणी पडायला नको.

२९ मार्च, रविवार

गेलो! आलो!

काय दिवस होता. झाडांना कोवळी पालवी, इतकी की सावलीसुद्धा हिरवी वाटत होती. चढावर नर्सबाई नेहमीसारख्या बडबडत होत्या, त्यांना दम लागतच नाही. बेकरीवाल्यानं वर पोचल्यावर लोण्याचे पाव काढले. मी तीन खाल्ले.

मग म्हटलं, "गुडघा कुरकुरतोय. उतारावर आज धाकटा पुढे."

त्याचा चेहराच उतरला. "मी कशाला? नर्सबाईंना सांग."

"मला नाही बाबा ती वळणं पाठ," नर्सबाई म्हणाल्या.

"गाडीवाल्या, लोकांना शिकवतोस ना? चल हो पुढे!" बेकरीवाला.

निघाला. मी त्याच्या चाकाला चिकटून. लहानपणी रस्ता ओलांडताना तो माझं बोट सोडायचा नाही. आज मी त्याच्या हाताकडे बघत खाली येत होते, आणि खरं सांगते, किती दिवसांनी निर्धास्त वाटलं. फार हळू उतरला. मागून बेकरीवाला ओरडत होता, वरात आहे का! एक खड्डा उशिरा दाखवला. एका वळणावर पार कडेच्या खडीपर्यंत गेला, मी किंचाळले तेव्हा ब्रेक दाबला. खाली पोचलो तर तो सायकल तशीच आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसला. सगळ्यांची जबाबदारी अंगावर आली की होतं असं. मला भरून आलं.

आता मात्र सांगायचं.

३१ मार्च

सांगितलं. दुकानासमोर त्यानं गाडी लावली होती, तिच्यातच. रडतच सांगितलं. महिनाभर लपवलं, तुझ्या नजरेला काही झालं तर ते माझ्यामुळे, मला माफ कर. तो समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. मग शिकाऊ मुलगी आली, "संध्याकाळी येतो" म्हणाला.

आला नाही. फोनही उचलत नाही. रागावलाय. रागावणारच. मी कुठल्या तोंडानं तक्रार करू?

२ एप्रिल

आज आला. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभा राहिला.

त्याला काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वीच कळलंय, माझ्याहून जास्त गेलंय. बहिणीची तपासणी करून घ्या, असं त्यालाही तेव्हाच बजावलं होतं.

"सांगितलं असतं तर तू मला एक दिवस गाडी चालवू दिली नसतीस, ताई. धंदा बसला असता."

दोन वर्षांपूर्वी मला सगळं दिसत होतं.