चोवीस व्होल्टचे वाटेकरी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार, आणि मामींना त्याहून थोडा जास्त वाकून.

आपला खोकला उतरला असेल अशी आशा आहे. नसेल तर मामी म्हणतात ते ऐकावं. उतरला असेल तरी ऐकावं, कारण त्यांनी ते म्हणून झालेलं असतं. इकडे मी बरा आहे. खोली कोरडी आहे, खिडकी उघडते, आणि घरमालकीण जिन्यात भेटली की जेवलास का म्हणून विचारते (उत्तरासाठी थांबत नाही, पण विचारते). नोकरीचं कसं चाललंय असं आपण विचारलंत. आपण आपल्या शाळेतल्या मित्राकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे, शब्द टाकलात म्हणून ही नोकरी मिळाली, आणि ती अजून आहे. 'अजून' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. महिनाअखेर साहेब मला कायम करतील किंवा आपल्याकडे परत पाठवतील. ते कशावर अवलंबून आहे हे सांगायचं तर जरा लांबेल. चहा घेऊन बसावं.

कारखाना बाटल्यांच्या झाकणांचा आहे. (बाटल्यांचा नाही. मामी सगळ्यांना बाटल्यांचा सांगतात. बाटल्या दुसरीकडे होतात, आणि दोघांची भेट कुठे होते ते मला अजून कळलेलं नाही.) झाकणं पाडणारं यंत्र लांबलचक आहे आणि स्वतःच्या बुद्धीने चालतं. ही बुद्धी एका करड्या लोखंडी कपाटात असते. तिला भिंतीतली दांडगी वीज सोसत नाही, म्हणून तिच्या शेजारी जाड पुस्तकाएवढा एक ठोकळा बसवलेला आहे. त्याला पॉवर सप्लाय मॉड्यूल म्हणतात. बाहेरची वीज ते स्वतःच्या अंगावर घेतं आणि बुद्धीला चोवीस व्होल्टची सौम्य वीज देतं. वाईट बातमी मामी आपल्याला ज्या बेताने देतात, तसंच. मॉड्यूलवर एक हिरवा दिवा आहे. तो लागलेला असेपर्यंत कारखान्यात मला कुणी ओळखत नाही. विझला की चारी बाजूंनी माझ्या नावाने हाका सुरू होतात.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात हा दिवा रोज दुपारी, जेवणाची सुट्टी संपली की, विझायला लागला. ताकदीबाहेर वीज ओढली गेली की मॉड्यूल डोळे मिटून घेतं. यंत्र थांबतं, साच्यातली झाकणं अर्धीमुर्धी राहतात, साहेब गॅलरीत येतात, खाली बघतात आणि मान हलवतात. आपली आठवण त्या वेळी आम्हा दोघांनाही येत असावी. मी आधी मॉड्यूलवरच संशय घेतला. स्टोअरकीपर जुनं जमा केल्याशिवाय नवं देत नाही, आणि नवं दिल्यावर जुन्याला कुलूप लावतो. त्याने नवं मॉड्यूल माझ्या हातात अशा चेहऱ्याने ठेवलं, जणू मी त्याच्या घरातलं मूल दत्तक नेतोय. दुपारी नव्यानेही डोळे मिटले. स्टोअरकीपर मुद्दाम बघायला आला होता. "तुमच्याकडे आलं आणि बिघडलं," एवढंच म्हणाला आणि गेला.

मग मी तारा मोजायला घेतल्या. चोवीस व्होल्टच्या विजेचा एक मोठा गुण असा की हाताला झटका बसत नाही, त्यामुळे कुणालाच तिची भीती नाही. माझ्या आधीचे वायरमन (ते निवृत्त झाले, त्यांचं नाव निघालं की लोक अजून हळवे होतात) कुणालाच नाही म्हणत नसत. कपाटातून यंत्राकडे जायच्या तारा होत्या तेवढ्या होत्या. बाकीच्या माणसांकडे जात होत्या. एक पॅकिंगच्या मावशींच्या पंख्याकडे. एक वॉचमनच्या फोनकडे (ट्रकवाले वापरतात तो चार्जर, ट्रकमध्येही चोवीस व्होल्टच असतात). एक भिंत ओलांडून हिशेबनिसांच्या टेबलावर, काचेच्या टाकीतल्या माशांना हवा द्यायला. कारखाना झाकणं करतो हे खरं, पण फावल्या वेळात संसारही करतो.

मी त्या सगळ्या तारा काढल्या. नियमात बसणारं एवढं एकच काम मी इथे केलं, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद झालं. पॅकिंगच्या मावशी मात्र बोलल्या. "आम्ही इथे घामाघूम आणि तुझं यंत्र हिरवा दिवा लावून बसलंय. बाई गं, काय ते यंत्राचं सासर आणि काय हा जावई!" हिशेबनीस उठून आले. त्यांनी माशांची टाकी उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्हीच समजवा त्यांना." मासे माझ्याकडे तोंड उघडून बघत होते. आणि दुपारी जेवणाची सुट्टी संपल्यावर दिवा विझला.

एकच तार उरली होती. बारीक, तपकिरी, छताच्या आतून गेलेली. ती कुठे जाते ते बघत मी जिना चढलो आणि साहेबांच्या केबिनपाशी पोचलो. आत साहेबांची खुर्ची आहे, आणि खुर्चीवर एक गादी. लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले सीटवर घालतात तसली, बटण दाबलं की ऊब देणारी. साहेबांच्या जावयाने ती दिली, कारण साहेबांची पाठ दुखते आणि जेवून आल्यावर केबिन फार गार वाटते. जुन्या वायरमननी निवृत्तीच्या दिवशी, जाता जाता, तिची तार ओढून दिली. गादी यायच्या आधी पंखा, फोन, मासे आणि यंत्र त्या एका मॉड्यूलवर सुखाने नांदत होते. ती एकटी त्या सगळ्यांच्या मिळून दुप्पट ओढते.

मी सांगायलाच आत गेलो होतो, मामा. खरंच. साहेबांनी मला बसायला सांगितलं, आपली चौकशी केली, शाळेत आपण त्यांना आपल्या डब्यातलं द्यायचात ते पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, "थांबा हं, पाठ भरून आलीय," आणि हात मागे नेऊन बटण दाबलं. खाली यंत्राचा आवाज बंद झाला. साहेब ताडकन उठून गॅलरीत गेले. "बघितलंत? तुम्ही इथे आहात ते बघून कुणीतरी मुद्दाम केलं!" गॅलरीतूनच त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की हे करणारा कुणीही असो, अगदी कुणीही, त्याला त्याच दिवशी घरी बसवणार, आणि त्याचं नाव आपला हा भाचा महिनाअखेर अहवालात लिहून देणार. मावशींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मीच जातोय.

त्यानंतर मी एकदा ती तार गुपचूप काढून बघितली. दुपारभर यंत्र इतकं छान चाललं की मावशींनी मला पाणी दिलं. तेवढ्यात वरून बोलावणं आलं. "खुर्ची गार पडलीय. बघा जरा." साहेब डोक्यावर उभे राहिले आणि मी माझ्या हाताने तार जोडली. मग म्हटलं, साहेब, एक वेगळं मॉड्यूल घेऊ या, फक्त माणसांसाठी. तर म्हणाले, "आधी नाव, मग खरेदीवर सही. माणूस सापडला नाही तर नवं मॉड्यूलही तो खाईल." यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून मी जिना उतरलो.

तर अहवाल माझ्या टेबलावर आहे, माशांच्या शेजारी. (ते अजून माझ्याकडेच आहेत. रोज पाणी बदलतो.) साहेबांचं नाव लिहिलं तर गॅलरीतून जाहीर केल्याप्रमाणे साहेबांना साहेबांनी घरी बसवावं लागेल, आणि ते होणार नाही, म्हणजे मी बसेन. दुसऱ्या कुणाचं लिहिलं तर तो माणूस उगाच जाईल. काहीच लिहिलं नाही तर यंत्र मला सांभाळता येत नाही असं ठरेल, आणि आपला शब्द वाया जाईल. मला नोकरीहून त्याचं जास्त वाटतं (नोकरीचंही वाटतं).

बाकी सर्व क्षेम. मामींना सांगावं की मी वेळेवर जेवतो. धाकट्यांना आशीर्वाद, ते घेणार असतील तर.

आपला,
आपल्या शब्दावर टिकून असलेला भाचा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. आपण साहेबांना फोन करावा. आधी ख्यालीखुशाली विचारावी, मग आपली पाठ धरलीय म्हणून सांगावं. ते गादीची तारीफ सुरू करतील. त्यांना मध्ये अडवू नये. तारीफ संपली की, "अशी गादी आमच्या नशिबात कुठली," एवढंच म्हणावं आणि थोडं कण्हावं. डब्याचा विषय आपण काढू नये, तो ते स्वतः काढतील. दुसऱ्या दिवशी गादी आपल्याकडे पोचवायला ते मलाच पाठवतील याची मला खात्री आहे. मग मी सगळ्यांच्या तारा परत जोडीन आणि अहवालात लिहीन की कारण दूर झालं आहे. यातलं एक अक्षर खोटं नसेल.

ता. क. दुसरा. गादी आपल्या घरी चालणार नाही, कारण घरात चोवीस व्होल्ट नसतात. तरी फार आराम पडतोय असं साहेबांना अधूनमधून कळवत राहावं. नाहीतर ते बघायला येतील.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामींचा फोन आला. आपण सकाळी शिडीने गच्चीवर चढून पाण्याची टाकी एकट्याने घासलीत आणि पाठ अगदी ठणठणीत आहे, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. ऐकून आनंद झाला. महिनाअखेरपर्यंत मात्र ती कृपा करून दुखू द्यावी.