झाडं जे बनवत नाहीत

रविवार, ९ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा खोकला आता थांबला असेल. इथे थंडी ओसरली, पण मागच्या वाफ्यातला पालक अजून तग धरून आहे. फक्त झाडांवर जगण्याबद्दलचं माझं परवाचं व्याख्यान लोकांना आवडलं.

तुमची धाकटी बहीण बरी आहे असं मी फोनवर म्हणालो, ते पुरतं खरं नव्हतं. तिच्या पायांना बरेच दिवस मुंग्या येत होत्या. पुढे पुढे चप्पल निसटली तरी कळेना. मंगळवारी ती जिन्यात पडली. हाड मोडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, अंगातलं बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय.

ताई, मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. पान उन्हात साखर बनवतं आणि त्याच साखरेतून क जीवनसत्त्व घडवतं. बीमधलं तेल खवट होऊ नये म्हणून झाड त्यात ई घालून ठेवतं. गाजराचा केशरी रंग आपल्या पोटात गेला की त्याचं अ होतं. झाडं हे स्वतःसाठी करतात, आपण त्यांच्या ताटातलं उचलतो, हे माझं टाळ्यांचं वाक्य. पण बी-बारा एकही झाड बनवत नाही. ते जिवाणू बनवतात, आणि आपल्याला मिळतं ते दूध, अंडी, मांस यांतून, नाहीतर गोळीतून. हे मला पक्कं ठाऊक होतं. व्याख्यानात मी ते अलगद ओलांडून जायचो. पाच वर्षांपूर्वी घरातलं दूध-अंडी मी बंद केलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "निदान गोळी तरी द्या तिला." मी हसण्यावारी नेलं.

डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त तपासलं. ते ठणठणीत निघालं. त्यांनी धाकटीसमोरच विचारलं, "एका घरात जेवता, मग यांचं बरोबर कसं?" एकेकाची प्रकृती, असं मी म्हणालो. परतताना गाडीत धाकटीने माझा हात धरला.

"माझंच शरीर नाठाळ," ती म्हणाली. "तुमच्या नावाला उगाच बट्टा."

मी हात सोडवून घेतला आणि गिअर बदलला.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी रोज दुधाचा चहा पितो, ताई. दुपारी आम्लेट खातो. घरात बंदी घातली त्या अगदी पहिल्या महिन्यापासून. ओळखीचं कुणी दिसलं तर खांबाआड सरकतो, आणि तोंड धुऊन घरी येतो. तिने एकदा चहापुरतं चमचाभर दूध मागितलं, तर मी तिला तासभर ऐकवलं होतं.

काल इंजेक्शन देऊन नर्स गेल्यावर मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. फक्त विचारलं, "आम्लेट कांदा घालून?" मी हो म्हणालो. मग ती बराच वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत राहिली.

संध्याकाळी म्हणाली, "ताईला लिहा, मला न्यायला ये म्हणावं. का यायचं, तेही तुम्हीच लिहायचं."

ते लिहिलं. संवेदना हळूहळू परतेल, पण डाव्या पायाची पूर्ण परतेलच असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. इंजेक्शनांचे कागद तिच्या बॅगेत आहेत. तुम्ही याल तेव्हा मी घरातच असेन, तोंड लपवणार नाही. जिना उतरताना तिला डाव्या बाजूने धरा. मला ती धरू देत नाही.

क्षमा मागण्याचीही लाज वाटणारा,
तुमच्या धाकटीचा नवरा